चार नंबरच्या खुर्चीवरचे राष्ट्राध्यक्ष

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये चार नंबरच्या खुर्चीवर एक उंच, वाळलेले गृहस्थ यायचे. शनिवार, सोमवार, बुधवार, सकाळची शिफ्ट. शेजारी पाच नंबरवर एक कतारी आजोबा असायचे, बंदरावरच्या कस्टम्समधून निवृत्त झालेले. आजोबा या गृहस्थांना "या रईस" अशी हाक मारायचे. मी तेव्हा या सेंटरला नवीन आलेली नर्स होते. मला वाटलं, माणूस श्रीमंत असणार. आमच्या खेडकडे रईस म्हणजे ज्याची कलमांची बाग आहे, दारात गाडी आहे आणि ज्याला लग्नात पुढच्या रांगेत बसवतात तो. पण यांचे बूट झिजलेले होते आणि शर्टाच्या बाहीला रफू केलेलं होतं. शेवटी मी सुपरवायझरला विचारलं. ती म्हणाली, अरबीत या म्हणजे अहो, आणि रईस म्हणजे अध्यक्ष. मग मला वाटलं, एखाद्या मंडळाचे अध्यक्ष असतील. दोह्यात मंडळं काही कमी नाहीत.

पुढच्या सोमवारी सुया लावताना मी त्यांनाच विचारलं, कशाचे अध्यक्ष? ते इंग्रजी सावकाश बोलायचे, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखं.

"एका देशाचा होतो," ते म्हणाले. "आता तो देश नाही."

घरी आल्यावर मी हे मुलीला सांगितलं. ती तेव्हा आठवीत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने फोनवर शोधलं आणि म्हणाली, "मम्मी, इट वॉज नेव्हर अ कंट्री." मोठ्या देशातून फुटून निघालेलं, कोणीही मान्यता न दिलेलं, नऊ वर्षं टिकलेलं प्रजासत्ताक, असं तिथे चार ओळींत लिहिलं होतं. एक फोटोही होता. बर्फात उभा असलेला काळ्या मिशांचा माणूस. मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या, नाक तेच होतं.

त्या प्रजासत्ताकाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात. या गृहस्थांच्या मुलीने मला हे लिहायला सांगितलं तेही याच अटीवर.

डायलिसिसला चार तास लागतात. आधी वजन, मग डाव्या हाताच्या शिरेत दोन सुया, मग मशीन चालू. एका नळीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. पेशंटने फक्त बसायचं. कोणी झोपतं, कोणी टीव्ही बघतं, कोणी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर भांडतं. माझ्याकडे चार खुर्च्या असायच्या. दर अर्ध्या तासाने प्रत्येकाचं ब्लडप्रेशर घ्यायचं, मशीनवरचे आकडे लिहायचे. मधल्या वेळात जे बोलणं होतं ते असंच तुकड्यातुकड्यांनी होतं. त्यांची गोष्ट मला अशी सव्वादोन वर्षांत कळली.

पहिली ओळख खरी झाली ती गुरांवरून. त्यांनी विचारलं, गाव कसलं आहे तुमचं? मी सांगितलं, भातशेती आहे, काजू आहे, आमच्याकडे दोन म्हशी होत्या. ते खुर्चीत जरा सरळ झाले. म्हशीची जात कोणती, दूध किती, चारा काय, सगळं विचारलं. मग म्हणाले, मी गुरांचा डॉक्टर आहे. राष्ट्राध्यक्ष होतो, असं म्हणाले होते. पण गुरांचा डॉक्टर होतो नाही, आहे म्हणाले. आमची म्हैस एकदा अडली होती, पायाळू रेडकू होतं. खेडहून डॉक्टर मोटरसायकलवर आला तोवर माझ्या वडिलांनी दोरी बांधून ओढलं होतं, मी कंदील धरला होता. ते सगळं मी सांगितलं. दोरी कुठे बांधली, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी दाखवल्यावर म्हणाले, वडिलांनी बरोबर केलं. त्या दिवसापासून मी सुया लावताना त्यांनी तोंड फिरवायचं बंद केलं.

त्यांचा मुलूख म्हणजे डोंगरातलं एक लांब खोरं. दोन खिंडी, एक नदी, गाई आणि मेंढ्या. वडील खोऱ्यात टपाल वाटायचे. ते स्वतः मोठ्या देशाच्या राजधानीत शिकले आणि सरकारी गुरांचे डॉक्टर म्हणून गावी परत आले. चौदा वर्षं नोकरी केली. खोऱ्यातलं एकही घर नव्हतं ज्याच्या गोठ्यात ते गेले नव्हते. मग एका वर्षी लाळ्या खुरकूत आली. राजधानीतून हुकूम आला की खोऱ्यातली सगळी जनावरं मारून पुरायची. अर्ध्या गावांत रोगाचा पत्ताही नव्हता. त्यांनी हुकूम टेबलाच्या खणात ठेवला आणि मिळेल तिथून लस आणून टोचत सुटले. रोग आटोक्यात आला. नोकरी गेली. त्यांना अटक करायला शिपाई आले तेव्हा बायकांनी गाई रस्त्यात आणून उभ्या केल्या. गाड्या आत येऊ शकल्या नाहीत.

"तिथून सुरू झालं," ते म्हणाले. "मला राजकारण येत नव्हतं. पण सगळे मला ओळखत होते."

पुढे खोऱ्याची पंचायत निवडली गेली, ते तिचे प्रमुख झाले. शाळा आपल्या भाषेत चालाव्यात अशी मागणी झाली. राजधानीने पंचायत बरखास्त केली, पंचायतीने ते मानलं नाही, सैन्य आलं, गोळीबार झाला. आठ दिवसांनी दूध संघाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. भाषणाचा कागद बायकोने लिहून दिला होता, ती शाळेत शिकवायची. एक हिवाळा लढाई झाली आणि मग कोणीच जिंकलं नाही म्हणून थांबली.

नऊ वर्षं ते राष्ट्राध्यक्ष होते. कार्यालय दूध संघातच. सकाळी नऊपर्यंत लोक आजारी शेळ्या घेऊन यायचे, त्या तपासायच्या, मग हात धुऊन राष्ट्राध्यक्ष व्हायचं. टपालाची तिकिटं काढली, पण ती लावलेलं पत्र खिंडीच्या पलीकडे कोणी घेत नव्हतं. पासपोर्ट छापले, ते घेऊन कुठेच जाता येत नव्हतं. मान्यता दिली ती दोनच ठिकाणांनी, आणि त्या दोघांनाही जगात कोणी मान्यता दिलेली नव्हती. हे सांगताना ते हसायचे. शाळेची पुस्तकं मात्र त्यांनी खरी काढली. पहिलीपासून सातवीपर्यंत, स्वतःच्या भाषेत. त्याबद्दल बोलताना हसायचे नाहीत.

कतारी आजोबांना यातलं बरंच पाठ होतं. ते मला बिन्ती, म्हणजे मुली, म्हणायचे आणि अधूनमधून मलाच सांगायचे, "बिन्ती, आता हा पुस्तकांवर येईल." दोघांची दोस्ती खुर्च्या शेजारी असल्यामुळेच झालेली. सकाळी कोणाचं वजन जास्त भरलं यावरून दोघांची चढाओढ असायची. डायलिसिसच्या पेशंटचं प्यायलेलं पाणी अंगात साठून वजन वाढतं, म्हणून ते मोजून प्यायचं असतं. आजोबा चोरून कडक आणि खजूर हाणायचे. कडक म्हणजे इथला दाट, वेलचीचा चहा. रईस एक थेंबही जास्त घ्यायचे नाहीत. आजोबा म्हणायचे, याला देश चालवायची सवय आहे, म्हणून हा स्वतःवर पण कायदा चालवतो.

एक गोष्ट त्यांनी वर्ष उलटल्यावर सांगितली. रमजान होता, सेंटरमध्ये शांत होतं, आजोबा झोपले होते. नदीच्या खालच्या अंगाला तीन गावं होती. तिथले लोक मोठ्या देशाची भाषा बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले. लढाईच्या हिवाळ्यात सेनापतीने येऊन सांगितलं की ही गावं सैन्याला बातम्या पुरवतात, ती रिकामी करायला हवीत. त्यांनी हुकुमावर सही केली. दोन तासांत घरं सोडायची, न्यायला वाहन नाही, खिंडीतून चालत. दुपारी निघालेली माणसं दुसऱ्या दिवशी पलीकडे पोचली. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं वाटेत गेली.

मी त्यांचं ब्लडप्रेशर घेत होते. पट्टा दंडावर तसाच राहिला.

"बातम्या पुरवत होते का ते?" मी विचारलं.

"काही जण पुरवत असतील. मी चौकशी केली नाही. मला भीती वाटत होती, आणि मी सगळ्यांना सांगितलं की ही युद्धनीती आहे."

मी आकडा लिहिला आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी परत बोलले नाही. संध्याकाळी इफ्तारनंतर मी हे नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा इंडस्ट्रियल एरियात एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो, फार बोलत नाही. तो म्हणाला, तू त्याच्या सुया लावतेस, त्याचा हिशेब तुला कोणी विचारलेला नाही. ते बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. बुधवारी ते आले तेव्हा मी नेहमीसारखं वजन घेतलं, सुया लावल्या. ते म्हणाले, सिस्टर, आज तुम्ही म्हशींचं काही सांगणार नाही. मी म्हटलं, आज नाही सर. त्यांनी मान हलवली. दोन-तीन आठवडे असेच गेले. मग हळूहळू बोलणं सुरू झालं, पण मला ती गोष्ट विसरता आली नाही आणि मी विसरावी असं त्यांनाही वाटत नसावं.

ते दोह्यात आले ते बोलणी करायला. दोन्ही बाजूंना इथे एका हॉटेलात बोलावलं होतं. ते एक बॅग, बायको आणि मुलगी यांना घेऊन आले. बायको कागदपत्रं सांभाळायची आणि मुलगी तेव्हा वीस वर्षांची, दुभाषी म्हणून. बाराव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बातमी आली की दोन्ही खिंडींतून सैन्य आत आलं आहे आणि त्यांच्या उपाध्यक्षाने दूध संघाच्या इमारतीच्या किल्ल्या देऊन टाकल्या आहेत. प्रजासत्ताक संपलं. समोर बसलेल्या माणसाने त्यांना म्हटलं, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्यांना इथे राहायची परवानगी मिळाली. मुऐदरला एक छोटा व्हिला मिळाला, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. अट एवढीच की सभा घ्यायच्या नाहीत, भाषणं करायची नाहीत. बायको चार वर्षांनी गेली, इथेच पुरली. मग किडन्या गेल्या.

मुलगी त्यांना सकाळी सोडायची आणि न्यायला यायची. तिशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, चेहरा बापाचा. एका शाळेत गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात आपल्या लोकांसाठी एक वेबसाइट चालवायची. तिकडून येणारी प्रत्येक बातमी त्यावर: कोणाला पकडलं, कोणाला किती शिक्षा झाली, कुठली शाळा बंद झाली. तिच्याकडे तुरुंगात असलेल्यांची यादी होती. शिक्षक, दूध संघाचे कारकून, एक नर्स, दोन म्हातारे मेंढपाळ. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. वजन किती, पुढची रक्ततपासणी कधी. बापाला मात्र गाडीतून उतरवताना ती त्यांच्या बुटाच्या नाड्या वाकून बांधायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोठ्या देशाच्या वकिलातीतून एक माणूस त्यांना भेटायला मागत होता. मुलीने त्याला घरात घ्यायला नकार दिला. रईस म्हणाले, मग सेंटरला बोलवा, तिथे मी चार तास कुठे जात नाही. सुपरवायझरने अर्ध्या तासाची परवानगी दिली. करड्या सुटातला, चाळिशीचा माणूस आला, स्टुलावर बसला, फाइल मांडीवर ठेवली. मुलगी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभी. ते आपसांत त्या देशाच्या भाषेत बोलत होते. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज तिघांचेही हळू होते, आणि मुलगी बोलली की करड्या सुटातला माणूस उत्तर बापाला द्यायचा.

काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्या मोठ्या देशात सरकार बदललं होतं आणि नव्या सरकारला हा जुना विषय मिटवायचा होता. यादीतले सगळे कैदी सोडायचे, रईसना परत यायची मोकळीक. बदल्यात एक निवेदन, त्यात दोन गोष्टी. एक, प्रजासत्ताक बेकायदा होतं आणि ते पहिल्यापासून अस्तित्वात नव्हतं असं मानावं. दोन, तीन गावांच्या लोकांची माफी.

मी शेजारच्या आजोबांच्या मशीनचा अलार्म बंद करत होते तेवढ्यात माझं लक्ष गेलं. रईस जांभया देत होते. डायलिसिसवरचा माणूस एकापाठोपाठ एक जांभया द्यायला लागला की आम्ही धावतो. ब्लडप्रेशर खाली गेलं होतं. चेहरा मेणासारखा, कपाळावर घाम. मी खुर्ची मागे झुकवली, पाय वर केले, मशीनचं अंगातलं पाणी ओढणं थांबवलं, सलाइन सोडलं. करड्या सुटातल्या माणसाला मी इंग्रजीत सांगितलं, बाहेर थांबा. तो लगेच उठला. मुलगी डॉक्टरांना आणायला पळाली.

दहा मिनिटांत आकडे वर आले. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा फाइल कुठे आहे ते विचारलं. ती स्टुलावर राहिली होती. त्यांनी मला ती द्यायला सांगितली आणि कागदात काय आहे ते थोडक्यात सांगितलं. म्हणाले, "यातलं दुसरं वाक्य खरं आहे. ते मी फार पूर्वीच लिहायला हवं होतं. पहिलं खोटं आहे. हा म्हणतो, दोन्ही एकत्र, नाहीतर काहीच नाही."

मी म्हटलं, सर, तुमचं प्रेशर आत्ता वर आलंय, हे आज नका ठरवू.

"सिस्टर, प्रजासत्ताक आता कुठे नाही. तुरुंगात माणसं आहेत."

मुलगी डॉक्टरांबरोबर परत आली. डॉक्टर तपासून गेले. तिने फाइल त्यांच्या हातात बघितली आणि ती त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, एकच वाक्य. मग उजव्या हाताने, तो मोकळा होता, त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. मी ते का दिलं, असं मी स्वतःला नंतर बरेचदा विचारलं. कोणीही पेन मागितलं की आपण देतो, त्यापेक्षा मोठं कारण मला सापडलं नाही. सही करण्याआधी त्यांनी पानाच्या खाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. मग सही केली. मुलगी बाहेर निघून गेली. त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर त्यांना न्यायला ती आली नाही. कतारी आजोबांचा ड्रायव्हर दोघांनाही घेऊन गेला, आणि पुढचे चार महिने तोच आणत-नेत राहिला.

त्या दोन ओळींत त्यांनी लिहिलं होतं की गावं रिकामी करण्याचा निर्णय माझा एकट्याचा होता, त्यासाठी दुसऱ्या कोणाला जबाबदार धरू नये. हे मला त्यांनीच सांगितलं. वकिलातीने निवेदन छापलं तेव्हा या ओळी वगळल्या.

निवेदन बाहेर आल्यावर त्यांच्या लोकांनी त्यांना गद्दार म्हटलं. युरोपात, अमेरिकेत जे विखुरलेले होते त्यांनी तर सर्वांत मोठ्याने. मुलीच्या वेबसाइटवर तीन दिवस काहीच आलं नाही. मग फक्त एक ओळ आली की या निवेदनाशी वेबसाइटचा संबंध नाही. ती घर सोडून एका मैत्रिणीकडे राहायला गेली. त्यांचं जेवण, औषधं सगळं ती रोज दुपारी आणून ठेवायची, पण बोलायची नाही.

कैदी सुटायला दोन महिने लागले. एकदम नाही, तीन-चार करत. यादी त्यांच्याकडेही होती, शर्टाच्या खिशात. एकेक सुटला की ते नावापुढे खूण करायचे. एका सकाळी दूध संघाच्या एका म्हाताऱ्या कारकुनाचा फोन आला. तो अर्धा तास बोलला आणि सगळं गाईंबद्दलच बोलला. त्याच्या माघारी भावाने कुठल्या विकल्या, कुठली गाभण आहे, कुणाचा खूर कुजलाय. रईस त्याला इलाज सांगत होते, मशीनवर बसून. त्या नर्सला त्यांनी स्वतः फोन लावला. तिने घेतला नाही. तिच्या भावाने निरोप दिला की आपल्याला असं सोडवायला तिने कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि तिच्या नावापुढेही खूण केली.

मग परत जायचं बोलणं निघालं. खोऱ्यात डायलिसिस नाही. सगळ्यांत जवळचं सेंटर खिंडीच्या पलीकडे, सपाटीवरच्या एका शहरात, आणि तीन गावांचे लोक याच शहराच्या कडेला वसवलेले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही चांगली कल्पना नाही. हृदय कमजोर आहे, हिवाळ्यात रस्ता बंद होतो, इथे सगळं सुरळीत चालू आहे. कतारी आजोबा तर चिडले. म्हणाले, खलास, हा म्हातारा वेडा झाला. रईसनी आमचं ऐकून घेतलं आणि तारीख ठरवली.

त्यांचे कागद मी तयार केले. पेशंट दुसरीकडे जाताना सगळं लिहून द्यावं लागतं: वजन, औषधांचे डोस, कुठली सुई, कुठे. त्यांच्या हातातली शीर कोपराच्या खाली दोन बोटांवर अचानक आत वळत होती. नवीन माणसाने सरळ सुई घातली की हात सुजून काळा पडायचा. मी वेगळ्या कागदावर हाताचं चित्र काढलं, शीर कशी वळते ते निळ्या पेनने दाखवलं आणि वरची सुई तिरकी घाला असं मोठ्या अक्षरात लिहिलं. ते बघून म्हणाले, गाईचं असं चित्र मीही काढायचो, कंपाउंडरसाठी.

विमानतळावर मुलगी सोडायला गेली. हे मला आजोबांच्या ड्रायव्हरने सांगितलं. गाडीत दोघं बोलले नाहीत, पण तिने त्यांची बॅग कोणाला उचलू दिली नाही.

तिकडून त्यांचे व्हॉइस मेसेज यायचे, आठवड्यातून एखादा. पहिल्या दिवशी सेंटरमधल्या एका तंत्रज्ञाने त्यांना हात लावायला नकार दिला. तो तीन गावांपैकी एका गावातला होता. दुसऱ्याने सुया लावल्या, माझं चित्र समोर ठेवून. त्या मेसेजमध्ये ते म्हणाले की नाही म्हणायचा त्याला अधिकार आहे, आणि शीर नीट मिळाली. त्यांनी सेंटरजवळ तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली होती. लोक ओळखायचे. एकदा एका बाईने बाजारात त्यांच्यासमोर उभं राहून आपल्या आईचं नाव सांगितलं आणि ती निघून गेली. त्यांनी ते नाव मलाही सांगितलं. उन्हाळ्यात ते दोनदा खोऱ्यात जाऊन आले. दूध संघाच्या इमारतीत आता बँक आहे. काही जणांनी दार उघडलं, काही जणांनी नाही. एका घरी शेळी आजारी होती, ती त्यांनी बघितली.

नोव्हेंबर संपत आला आणि मेसेज थांबले. मी दोनदा पाठवला, उत्तर नाही. एका गुरुवारी सकाळी मुलगी सेंटरला आली. मी वेटिंग रूममध्ये गेले तेव्हा ती उभीच होती. तिने सांगितलं, हृदय बंद पडलं, झोपेत, डायलिसिसच्या आदल्या दिवशी. खोऱ्यात पुरू दिलं. किती लोक आले ते तिला कळलं नव्हतं, कोणी वीस म्हणालं, कोणी हजार. तिला व्हिसा वेळेत मिळाला नाही.

मी तिला आत आमच्या चहाच्या खोलीत नेलं. मी चहा दिला, तिने कप बाजूला ठेवला. मग विचारलं, "सही करण्याआधी, मी डॉक्टरांना आणायला गेले होते तेव्हा, ते तुमच्याशी काय बोलले?"

मी जे आठवत होतं ते जसंच्या तसं सांगितलं. पहिलं वाक्य खोटं, दुसरं खरं. प्रजासत्ताक नाही, माणसं आहेत. मी त्यांना आज नका ठरवू म्हटलं होतं, तेही सांगितलं. आणि पेन माझं होतं, हेही सांगितलं, कारण ते तिने पाहिलेलंच होतं.

"त्यांच्या जागी मी असते तर सही केली नसती," ती म्हणाली. "आजही नाही करणार."

मी म्हटलं, त्यांना ते माहीत होतं. तेव्हा ती रडली. मी दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ बसले. बाहेर माझ्या खुर्च्या एका सहकारणीने सांभाळल्या.

नंतर ती अधूनमधून आमच्याकडे यायला लागली. मुऐदरमध्ये अंतर ते काय. माझ्या मुलीला ती गणित शिकवते. दोघी इंग्रजीत बोलतात, मी स्वयंपाकघरातून ऐकते. शुक्रवारी असली तर जेवून जाते. तिला सांदणं आवडतात, तांदळाच्या रव्याच्या त्या वाफवलेल्या वड्या ती नारळाच्या रसात बुडवून चार-पाच खाते. नवरा तिच्याशी बातम्यांवर बोलतो, घरात मी त्याला एवढं बोलताना फार कमी वेळा ऐकलंय. वेबसाइट तिने चालू ठेवली आहे.

गेल्या महिन्यात ताटं उचलताना तिने मला एक गोष्ट सांगितली. लढाईच्या हिवाळ्यात ती अकरा वर्षांची होती. शाळेत तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण त्या तीन गावांतली होती. एका दुपारनंतर ती आली नाही. घरी विचारायची हिंमत झाली नाही, आणि पुढे तर बापाला विचारण्यासारखं काही नव्हतंच, कारण उत्तर माहीत होतं. आता ती त्या मैत्रिणीला शोधते आहे. त्या शहरातल्या शाळांना, दवाखान्यांना तिने पत्रं लिहिली आहेत. आपलं पूर्ण नाव लिहिते, बापाच्या नावासकट. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, पण मैत्रीण अजून सापडलेली नाही.